‘उद्यापासून येऊ नका’ : दुसऱ्याचा हुकूम इंग्रजीत कसा सांगावा?



मागील लेखात आम्ही अर्जावर तारीख, विषय आणि संदर्भ कसा लिहावा ते सांगितले होते. आजचा विषय व्याकरणाचा आहे. ‘व्याकरण’ म्हटले की आपल्याकडे पोरे पुस्तक मिटतात आणि मोठी माणसे पान उलटतात. तुम्ही मात्र उलटू नका. आज जे सांगणार आहोत ते एका भगिनीच्या आठ दिवसांच्या पगाराशी निगडित आहे.

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात रविवारी संध्याकाळी दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. तिथे एक ताई आपल्या मुलीला घेऊन आल्या. ताई एका खासगी दवाखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली साफसफाईचे काम करतात. वर्ग सुटेपर्यंत त्या दाराशी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “जयभीम भाऊ. पोरीनं इंग्रजीत चिठ्ठी लिहिलीय. तेवढी नजर टाका. चुकली तर माझी भाकर जाईल.”

प्रकार असा होता. १२ जूनला काम सुटताना सुपरवायझर ताईंना म्हणाला, “ताई, प्लीज, उद्यापासून कामावर येऊ नका.” ताई म्हणाल्या, “लिहून द्या.” तो हसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी ताई तरीही गेल्या, तर फाटकावरच्या वॉचमनने “परत जा” म्हणून सांगितले. १९ तारखेला ठेकेदाराच्या कचेरीतून इंग्रजी पत्र आले. त्यात लिहिले होते की तुम्ही १३ तारखेपासून न कळवता गैरहजर आहात, खुलासा करा.

म्हणजे काढले त्यांनी आणि गैरहजर ठरल्या ताई!

ताईंची मुलगी हुशार आहे. मराठी माध्यमात शिकते, पण इंग्रजीला घाबरत नाही. तिने २० तारखेला खुलासा लिहिला. त्यातले मुख्य वाक्य असे होते : ‘द सुपरवायझर सेड टु मी दॅट प्लीज डोन्ट कम फ्रॉम टुमॉरो.’

वाचकहो, या एका वाक्यात तीन चुका आहेत. पहिल्या दोन व्याकरणाच्या आहेत, त्या परीक्षेत मार्क खातात. तिसरी पगार खाते. ती कोणती ते ओघाने येईलच.

मराठीत आपण काय करतो?

दुसऱ्याचे बोलणे सांगण्याच्या दोन रीती आहेत. त्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत ठेवायचे, ही एक रीत. तिला इंग्रजीत डायरेक्ट स्पीच म्हणतात. त्याच्या बोलण्याचा आशय आपल्या वाक्यात ओवून सांगायचा, ही दुसरी रीत. ती इनडायरेक्ट किंवा रिपोर्टेड स्पीच. शाळेत साधी विधाने, प्रश्न, हुकूम, उद्गार हे सगळे प्रकार एकामागून एक शिकवतात आणि पोरांचा गोंधळ उडतो. आम्ही अभ्यासवर्गात सुरुवात हुकमापासून करतो, कारण हा सर्वात सोपा प्रकार आहे. कसा ते पाहा.

आई म्हणाली, “दार लाव.” हे शेजारणीला सांगायचे तर आपण दोन तऱ्हांनी सांगतो.

एक : “आई म्हणाली की दार लाव.”
दोन : “आईने मला दार लावायला सांगितले.”

मराठीत दोन्ही चालतात. इंग्रजीत पहिली चालत नाही, फक्त दुसरी चालते. ही एवढी गोष्ट डोक्यात बसली तर अर्धे काम झाले. आपली मुले मनातल्या मनात पहिले वाक्य घेतात, ‘की’च्या जागी ‘दॅट’ घालतात आणि ‘मदर सेड दॅट शट द डोअर’ असे लिहून मोकळी होतात. मुलांचा त्यात दोष नाही. ती मराठीला प्रामाणिक राहिली, एवढेच. पण इंग्रजीत हुकमाला ‘दॅट’ असा चिकटत नाही.

आता दुसरे वाक्य घ्या. ‘लावायला’ या शब्दातले ‘आयला’ म्हणजेच इंग्रजीतले ‘टु’. लावायला : टु शट. जायला : टु गो. आणायला : टु ब्रिंग. म्हणून ‘आईने मला दार लावायला सांगितले’ याचे इंग्रजी झाले : ‘मदर टोल्ड मी टु शट द डोअर.’ संपले!

नकार असेल तर? आई म्हणाली, “पाण्यात जाऊ नकोस.” आपण सांगतो, “आईने मला पाण्यात न जाण्यास सांगितले.” ‘न’ आधी, ‘जाण्यास’ नंतर. इंग्रजीतही हाच क्रम आहे : ‘नॉट टु गो’. पूर्ण वाक्य : ‘मदर टोल्ड मी नॉट टु गो इनटु द वॉटर.’ पुष्कळ मुले ‘टोल्ड मी टु डोन्ट गो’ असे लिहितात, कारण मूळ वाक्यातला ‘डोन्ट’ सोडवत नाही. तो सोडलाच पाहिजे. हुकूम सांगताना ‘डोन्ट’ गळतो आणि त्याच्या जागी ‘नॉट टु’ येते. ‘नेव्हर’ असेल तर तो मात्र तसाच राहतो. गुरुजी म्हणाले, “नेव्हर टेल अ लाय.” सांगताना : ‘द टीचर अ‍ॅडव्हाइज्ड अस नेव्हर टु टेल अ लाय.’

हा प्रकार सर्वात सोपा का, तेही सांगतो. साध्या विधानात काळ बदलावा लागतो. तिथे ‘इज’चे ‘वॉज’ होते, ‘विल’चे ‘वुड’ होते. ‘टु शट’, ‘टु गो’ या रूपांना काळच नाही. आई आज सांगो की काल सांगितलेले असो, ‘टु शट’ ते ‘टु शट’च. ‘टु शटेड’ किंवा ‘टु वेन्ट’ असे कधी होत नाही. घरी मुलांची वही तपासाल तेव्हा ‘टु’च्या पुढचा शब्द साध्या रूपात आहे ना, एवढे तरी पाहा. त्यासाठी स्वतःला इंग्रजी येण्याची गरज नाही.

कोणी, कोणाला, कसे?

आता पायऱ्या सांगतो. वहीत उतरवून घ्या.

पहिली पायरी : अवतरणचिन्हे आणि स्वल्पविराम काढा. ‘सेड टु’ काढून ‘टोल्ड’ किंवा प्रसंगाला शोभेल ते क्रियापद घाला.

दुसरी पायरी : कोणाला सांगितले तो माणूस क्रियापदाच्या लगेच पुढे बसवा. ‘टोल्ड’ला माणूस लागतोच. ‘ही टोल्ड टु गो’ हे अपुरे वाक्य आहे. ‘ही टोल्ड मी टु गो’ हे पुरे. हुकमात कोणाला हाक मारली असेल तर तेच नाव इथे येते. “रमेश, सिट डाउन,” असे बाई म्हणाल्या, तर ‘द टीचर टोल्ड रमेश टु सिट डाउन.’

तिसरी पायरी : हुकूम होकारी असेल तर ‘टु’ घाला, नकारी असेल तर ‘नॉट टु’ घाला.

चौथी पायरी : ‘माय’, ‘युवर’, ‘धिस’, ‘हिअर’, ‘टुडे’, ‘टुमॉरो’ हे शब्द तपासा. सांगणारा बदलला, जागा बदलली, दिवस बदलला की हे शब्दही बदलतात. साहेब शिपायाला म्हणाले, “ब्रिंग माय फाइल हिअर.” आपण टेबलावरून दुसऱ्याला सांगतो : ‘द ऑफिसर टोल्ड द प्यून टु ब्रिंग हिज फाइल देअर.’ ‘माय’चे ‘हिज’ झाले नाही, तर फाइल साहेबांची न राहता सांगणाऱ्याची होईल.

आता दुसऱ्या पायरीतल्या क्रियापदाकडे वळू. इथे मराठीने आपल्याला थोडे आळशी केले आहे. ‘सांगितले’ हा एकच शब्द आपण सगळीकडे वापरतो. डॉक्टरांनी सांगितले, साहेबांनी सांगितले, शेजाऱ्याने सांगितले, पोराने सांगितले. पण डॉक्टर सल्ला देतात, साहेब हुकूम देतो, शेजारी विनंती करतो आणि पोर हट्ट करते. इंग्रजीत हे वेगळे दाखवावे लागते.

वरच्या जागेवरच्या माणसाने हुकूम दिला तर ‘ऑर्डर्ड’. लष्करात, पोलिसांत, कोर्टात हा शब्द शोभतो. कचेरीत व कामावर ‘इन्स्ट्रक्टेड’ किंवा ‘डायरेक्टेड’ जास्त चालतो. बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाने विनवले तर ‘रिक्वेस्टेड’. हातापाया पडून विनवले तर ‘बेग्ड’. भल्यासाठी सांगितले तर ‘अ‍ॅडव्हाइज्ड’. धोक्याची सूचना दिली तर ‘वॉर्न्ड’. “विसरू नकोस हं” असे म्हटले तर ‘रिमाइंडेड’. आणि काहीच नक्की ठरवता येत नसेल तर ‘टोल्ड’. हा शब्द कोणाचीच बाजू घेत नाही, म्हणून अडल्या वेळी तोच वापरावा. ‘आस्क्ड’ही चालतो, त्यात थोडी नरमाई असते.

दोन खड्डे सांगून ठेवतो. ‘फॉरबेड’ म्हणजे मनाई केली. या शब्दाच्या पोटातच नकार आहे. म्हणून त्याच्यापुढे पुन्हा ‘नॉट’ घालू नये. ‘द डॉक्टर फॉरबेड हिम टु स्मोक’ एवढेच लिहावे. मराठीतही आपण “बिडी न ओढण्याची मनाई केली” असे म्हटले तर उलटाच अर्थ होतो. दुसरा खड्डा ‘लेट अस’चा. “लेट अस गो” हा दुसऱ्याला दिलेला हुकूम नाही. ‘चला, आपण जाऊ या’ असे सुचवणे आहे. तिथे ‘टु’ चालत नाही. ‘ही सजेस्टेड दॅट वी शुड गो’ असे लिहावे. जे ‘दॅट’ वर आम्ही हाकलून दिले ते इथे परत येते. मुलांना हा एक अपवाद वेगळा पाठ करायला लावा.

‘प्लीज’ म्हणजे विनंतीच का?

ताईंच्या मुलीला आम्ही एवढे समजावले. पोरगी झटकन समजली. तिने लगेच वाक्य सुधारून लिहिले : ‘द सुपरवायझर रिक्वेस्टेड मी नॉट टु कम फ्रॉम टुमॉरो.’

आम्ही विचारले, “बाळ, ‘रिक्वेस्टेड’ का घातलेस?”

ती म्हणाली, “काका, तो ‘प्लीज’ म्हणाला ना? ‘प्लीज’ आलं की ‘रिक्वेस्टेड’ करायचं. आमच्या क्लासमध्ये तसंच शिकवलंय.”

परीक्षेपुरता तो नियम बरोबर आहे. पेपरात तसेच लिहावे, मार्क मिळतील. पण आयुष्याच्या पेपरात ‘प्लीज’ कोण म्हणाले, हे आधी पाहावे लागते. विनंती ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते. आम्ही ताईंना विचारले, “तुम्हाला ‘नाही, मी येणार’ असं म्हणता आलं असतं का?” ताई म्हणाल्या, “भाऊ, गेले होतेच की दुसऱ्या दिवशी. फाटकातनं आत घेतलं नाही.” मग ती विनंती कसली? तो हुकूमच होता, गोड शब्दात गुंडाळलेला. आणि ताईंनीच आपल्या हाताने ‘रिक्वेस्टेड’ असे लिहून दिले असते तर? ठेकेदार म्हणाला असता, “आमच्या माणसाने नुसती विनंती केली. बाईंनी ती आपखुशीने मान्य केली. आम्ही काढले कुठे?”

म्हणून आम्ही तिथे ‘इन्स्ट्रक्टेड’ घालायला सांगितले. ‘ऑर्डर्ड’ही चालले असते, पण खुलाशात आवाज चढवण्याची गरज नसते. खरे जेवढे तेवढेच लिहावे.

आणि ती तिसरी चूक

आता ‘टुमॉरो’. सुपरवायझर ‘उद्या’ म्हणाला तो १२ तारखेला. त्याचा उद्या म्हणजे १३ तारीख. पण खुलाशावर तारीख आहे २० जून. २० तारखेच्या कागदावर ‘टुमॉरो’ लिहिले तर वाचणारा काय समजेल? २१ तारीख! म्हणजे ताईंच्या स्वतःच्या लेखी कबुलीप्रमाणे त्यांना २१ पासून येऊ नका म्हटले होते. मग १३ ते २० हे आठ दिवस त्या कुठे होत्या? न कळवता गैरहजर! ठेकेदाराचे म्हणणे ताईंच्याच सहीने खरे ठरले असते.

हे ऐकल्यावर मायलेकी एकमेकींकडे पाहतच राहिल्या.

व्याकरणाच्या पुस्तकात एक यादी असते : ‘टुडे’चे ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टरडे’चे ‘द प्रीव्हियस डे’, ‘नाउ’चे ‘देन’, ‘हिअर’चे ‘देअर’, ‘धिस’चे ‘दॅट’. मुले ती पाढ्यासारखी पाठ करतात. पाठ करावीच, पण कारणही समजून घ्यावे. ‘उद्या’ हा शब्द बोलणाऱ्याच्या आजवर उभा असतो. आज सरला की त्या शब्दाचा पाय निसटतो. त्याच दिवशी, त्याच जागी सांगत असाल तर ‘टुमॉरो’ तसाच ठेवला तरी चालतो. दिवस उलटला असेल तर बदललाच पाहिजे. आणि सरकारी, कामकाजाच्या किंवा तक्रारीच्या कागदात ‘द नेक्स्ट डे’वरही थांबू नये, सरळ तारीख घालावी. तारखेला कोणी पाय फोडू शकत नाही.

आमची स्वतःची गोष्ट

हे शहाणपण आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आम्ही पाचवीत ए बी सी डी गिरवली. पुढे बी. कॉम. झालो, पण इंग्रजीशी खरी गाठ पडली ती नोकरीत. पहिल्या दोन वर्षांतली गोष्ट. एके दुपारी आमचे त्या वेळचे साहेब घाईत बाहेर निघाले होते. दारात उभे राहून म्हणाले, “ते बिल पुढं पाठवून द्या, सही मी नंतर करतो.” आम्ही नवे होतो. पाठवले. काही महिन्यांनी ऑडिटने शंका काढली. साहेब म्हणाले, “मी बिलाची फक्त चौकशी केली होती.” आम्हाला मेमो मिळाला.

आम्ही मोठ्या ऐटीत इंग्रजीत उत्तर लिहिले : ‘आय वॉज टोल्ड टु फॉरवर्ड द बिल.’ व्याकरणाची एकही चूक नव्हती. पण वरून प्रश्न आला, कोणी सांगितले? कधी? ‘मला सांगण्यात आले’ या वाक्यात सांगणाराच गायब असतो. कचेरीला ही रचना फार आवडते. ‘कळविण्यात येते की’, ‘निर्देश देण्यात येत आहेत’ अशी वाक्ये आम्ही रोज टाइप करतो. हुकूम खाली येताना तिचा उपयोग त्यांना होतो. खुलासा वर जाताना तिचा तोटा आपल्याला होतो. आमच्याकडे ना तारीख लिहिलेली होती, ना साक्षीदार. सेवापुस्तकात ताकदीची नोंद झाली ती आजही आहे.

त्या दिवसापासून आम्ही एक सवय लावून घेतली. तोंडी हुकूम मिळाला की टिपणीवर लिहायचे : ‘साहेबांनी अमुक तारखेस दिलेल्या तोंडी आदेशानुसार’, आणि ती टिपणी त्यांच्यापुढे सहीला ठेवायची. खरे तर कारकुनाची निम्मी नोकरी म्हणजे दुसऱ्याचे हुकूम आपल्या वाक्यात लिहिणे. साहेब बोलतात ते डायरेक्ट, फाइलवर उतरते ते इनडायरेक्ट. म्हणूनच हा धडा आम्हाला इतका जवळचा वाटतो.

हल्ली निम्मे हुकूम मोबाइलवर येतात. ते एका अर्थी बरे आहे. ‘कल से मत आना’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल तर तो पुसू नका. तारीख-वेळेसकट त्याचे चित्र काढून ठेवा. तोंडी हुकूम असेल तर आपणच नम्रपणे एक निरोप पाठवावा : ‘आपण आज मला उद्यापासून कामावर न येण्यास सांगितले आहे. कृपया लेखी द्यावे.’ उत्तर येवो न येवो, आपली तारीख नोंदली गेली.

कुठे बदलू नये

एवढे सगळे शिकवून आता उलटे सांगतो. काही ठिकाणी डायरेक्टचे इनडायरेक्ट मुळीच करू नये. कोणी धमकी दिली, अचकट-विचकट बोलले, जातीवरून शिवीगाळ केली, तर तिथे शब्द हाच पुरावा असतो. ‘त्याने मला अपमानास्पद बोलून निघून जाण्यास सांगितले’ असे सभ्य वाक्य लिहिले तर त्याचा गुन्हा आपणच धुऊन काढतो. तक्रारीत व जबाबात त्याने जे शब्द, ज्या भाषेत उच्चारले तेच शब्द अवतरणचिन्हांत लिहावेत. इंग्रजी अर्ज असला तरी आधी मूळ शब्द आणि मग त्यांचा अर्थ. लिहायला लाज वाटते, आम्हाला कळते. पण लाज बोलणाऱ्याची आहे, लिहिणाऱ्याची नाही.

ताईंचा खुलासा

शेवटी त्या संध्याकाळी मुलीनेच सगळा खुलासा पुन्हा लिहिला. आम्ही फक्त शेजारी बसलो. त्यातला मुख्य भाग असा :

‘ऑन १२ जून, अ‍ॅट द एंड ऑफ माय ड्यूटी, द सुपरवायझर इन्स्ट्रक्टेड मी नॉट टु कम टु वर्क फ्रॉम द नेक्स्ट डे, दॅट इज, फ्रॉम १३ जून. आय आस्क्ड हिम टु गिव्ह मी द ऑर्डर इन रायटिंग, बट ही डिड नॉट गिव्ह इट. ऑन १३ जून आय केम टु द गेट, बट द वॉचमन टोल्ड मी टु गो बॅक. आय डिड नॉट रिमेन अ‍ॅबसेंट ऑन माय ओन. आय रिक्वेस्ट यू टु अलाउ मी टु रिझ्यूम वर्क अँड टु पे माय वेजेस फ्रॉम १३ जून.’

मराठीत अर्थ असा : १२ जूनला काम सुटताना सुपरवायझरने मला दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १३ जूनपासून, कामावर न येण्यास सांगितले. मी त्यांना हुकूम लेखी द्यायला सांगितले, पण त्यांनी दिला नाही. १३ जूनला मी फाटकापर्यंत आले, पण वॉचमनने मला परत जायला सांगितले. मी आपणहून गैरहजर राहिलेली नाही. मला कामावर रुजू करून घ्यावे व १३ जूनपासूनचा पगार द्यावा, ही विनंती.

वाचकहो, पेन्सिल घ्या आणि या परिच्छेदात आजचा धडा किती वेळा आला आहे ते मोजा. ‘इन्स्ट्रक्टेड मी नॉट टु’, ‘आस्क्ड हिम टु’, ‘टोल्ड मी टु’, ‘रिक्वेस्ट यू टु’. चार वेळा एकच साचा. फक्त माणूस बदलला आणि क्रियापद बदलले. आणि ‘रिक्वेस्ट’ हा शब्द शेवटी कोणाकडे गेला तेही पाहा. विनंती करणाऱ्या ताई आहेत, म्हणून तो शब्द ताईंकडे.

खुलाशाच्या दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर शिक्का व तारखेसह पोच घेतली. ताईंना अजून कामावर घेतलेले नाही. समक्ष बोलावणे आले आहे, तेव्हा आम्ही सोबत जाणार आहोत. काय होईल ते आज सांगता येत नाही. पण कागद ताईंच्या बाजूने बोलतो आहे, त्यांच्या विरुद्ध नाही. गरिबाला एवढेही पुष्कळदा मिळत नाही. निघताना ताई मुलीला म्हणाल्या, “हे तुझ्या पुस्तकात होतं व्हय? मग नीट कर की गं पाठ.”

घरचा अभ्यास

खालची सहा वाक्ये मुलांकडून बदलून घ्या. उत्तरे शेवटी आहेत, ती आधी हाताने झाका.

१. द डॉक्टर सेड टु मी, “टेक धिस मेडिसिन ट्वाइस अ डे.”
२. मदर सेड टु अस, “डोन्ट प्ले इन द सन.”
३. द ओल्ड मॅन सेड टु द कंडक्टर, “प्लीज स्टॉप द बस.”
४. द कॅप्टन सेड टु द सोल्जर्स, “मार्च फॉरवर्ड.”
५. द टीचर सेड टु अस, “डोन्ट फरगेट टु ब्रिंग युवर बुक्स टुमॉरो.”
६. माय फ्रेंड सेड टु मी, “लेट अस गो टु द लायब्ररी.”

उत्तरे : १. द डॉक्टर अ‍ॅडव्हाइज्ड मी टु टेक दॅट मेडिसिन ट्वाइस अ डे. २. मदर टोल्ड अस नॉट टु प्ले इन द सन. ३. द ओल्ड मॅन रिक्वेस्टेड द कंडक्टर टु स्टॉप द बस. ४. द कॅप्टन ऑर्डर्ड द सोल्जर्स टु मार्च फॉरवर्ड. ५. द टीचर रिमाइंडेड अस टु ब्रिंग अवर बुक्स द नेक्स्ट डे. ६. माय फ्रेंड सजेस्टेड दॅट वी शुड गो टु द लायब्ररी.

तिसऱ्या वाक्यात ‘प्लीज’ गळले आणि ‘रिक्वेस्टेड’ आले. म्हाताऱ्याचा कंडक्टरवर हुकूम चालत नाही, म्हणून इथे तो शब्द खराच बरोबर आहे. पाचव्यात ‘युवर’चे ‘अवर’ झाले, कारण पुस्तके आपली आहेत. सहाव्यात ‘टु’ का आले नाही, ते मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितले तरच मार्क द्या.

आई-बापांनो, तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. पोराला शेजारी बसवा आणि दिवसभरात तुम्हाला कामावर कोणी काय हुकूम दिला तो सांगा. त्याला तो इंग्रजीत लिहू द्या, वर तारीख घालू द्या. त्याचा अभ्यास होईल आणि तुमची नोंदवहीही तयार होईल. कधी लागेल ते सांगता येत नाही.

पुढील लेखात नोटिशीला उत्तर देताना मुदत कशी मोजावी, ते पाहू.